तिसरी-चौथी एकत्र, वाचन तीन लेव्हलचं... हातानं करायच्या कृती द्यायच्या कशा की नुसता खेळ होऊ नये?

दोनशिक्षकी_मॅडम (जि. यवतमाळ)

नमस्कार सगळ्यांना. आमची द्विशिक्षकी शाळा आहे, तिसरी-चौथी माझ्याकडे एकाच खोलीत आणि पहिली-दुसरी सरांकडे. पण सर बरेचदा ऑनलाइन माहिती, बीएलओचं (मतदार यादीचं) काम नाहीतर केंद्रावरची मिटिंग यातच अडकलेले, म्हणजे चारही वर्ग माझ्याच गळ्यात हे तुम्हाला सांगायला नको. मुलं गुणी आहेत पण वाचनात सरळ तीन तुकडे पडलेत. काही जण गोष्ट धडाधड वाचतात, काही शब्दापर्यंत आलेत पण जोडाक्षर किंवा रफार दिसला की थांबलेच, आणि चार-पाच जण अजून काना-मात्रा-वेलांटीतच आहेत. त्यात कापूस वेचणीच्या दिवसात काही पोरं लहान भावंडं सांभाळायला घरीच राहतात आणि परत येतात तोवर अर्धं विसरलेलं असते.

सरकारच्या निपुण भारत अभियानाचं टार्गेट सगळ्यांना माहीत आहे, 2026-27 पर्यंत तिसरी संपेपर्यंत प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे. ट्रेनिंगमध्ये सांगतात स्तरानुसार कृती द्या, हाताला काम द्या. देते मी. पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे अक्षरवाल्या पोरांच्या वाट्याला कायम अक्षरकार्डं, मातीची अक्षरं, रेतीत बोट फिरवणं एवढंच येते आणि डोकं लावायचं जे काही असते ते सगळं गोष्टवाल्या पोरांकडे जाते. ही पोरं डोक्यानं कमी आहेत का तर मुळीच नाही, त्यातला एक तर मोटरपंप पाणी का फेकत नाही हे मोठ्या माणसासारखं कारणं देऊन सांगते! दुसरं, कृती संपते, पोरं खुश, मी पण खुश, आणि मग विचारलं की बाबांनो यातून काय कळलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

प्रिंटर नाही, सादिलचा (शाळेच्या किरकोळ खर्चाचा) पैसा खडू आणि रजिस्टरमध्येच संपतो, त्यामुळं विकतचं साहित्य सुचवू नका प्लीज. कोणी प्रत्यक्ष केलेलं असेल तर नीट सांगा, यूट्यूबच्या लिंका नको.

धारणीचा_मास्तर

मॅडम तुमची पहिली अडचण हीच खरी अडचण आहे, दुसरी तिच्यातूनच निघते. माझं साधं म्हणणं आहे, गोष्ट सगळ्यांना एकच द्यायची, काम वेगवेगळं द्यायचं. आपण उलटं करतो, हुशार पोरांना गोष्ट अन बाकीच्यांना अक्षरं, अन मग म्हणतो याला विचार करता येत नाही. अरे पण विचार करायला त्याला काही दिलं कुठं?

मी असं करतो. गोष्ट मी स्वतः मोठ्यानं वाचतो. स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, लेव्हल 1 ते 4 लावलेल्या, मोबाईलवर उतरवून ठेवायच्या, किशोर मासिकाचे जुने अंकही बालभारतीकडून ऑनलाइन मिळतात. मधोमध थांबायचं. आता पुढं काय होईल याचे तीन पर्याय पोरांकडूनच काढायचे अन तीन वाट्या मांडायच्या. प्रत्येकानं एक चिंचोका कोणत्या तरी वाटीत टाकायचा. टाकला की कारण सांगायचं, अन कारण गोष्टीतूनच यायला पाहिजे, "मले वाटते" चालत नाही. यात कोण किती वाचते याचा संबंधच नाही, काना-मात्रेवालं पोरगंही बरोबरीनं भांडते. मग उरलेली गोष्ट वाचायची अन ज्याला मत बदलायचं त्यानं चिंचोका हलवायचा, पण का हलवला ते सांगून. हे हलवताना जे बोलणं होते ना तेच तर आपल्याला पाहिजे असते.

मग तीन कामं. अक्षरवाले गोष्टीतली तीन चित्रं काढतात अन प्रत्येक चित्राबद्दल एक वाक्य तोंडानं सांगतात, ते मी त्यांच्याच शब्दात जसंच्या तसं खाली लिहितो, मग ते वाचतात. स्वतः बोललेलं वाक्य असल्यामुळं वाचता येते, अन त्यातलेच शब्द कापून पुन्हा जुळवायला द्यायचे. शब्दवाल्यांना वाक्यपट्ट्या, क्रम लावा. अन गोष्टवाल्यांनी त्या पट्ट्या तयार करायच्या (जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर), पण त्यात एक वाक्य खोटं घुसवायचं. अगदी ढळढळीत खोटं नाही, गोष्टीत शोभेल असं. शब्दवाल्यांनी ते पकडायचं. पकडायच्या नादात पट्टी परत परत वाचतात, मला सांगावं लागत नाही.

आमच्याकडे पोरं घरी कोरकू बोलतात. पहिली चर्चा मी कोरकूतच होऊ देतो, मला अर्धीच समजते पण चौथीतली एक पोरगी सांगते मला काय चाललंय ते. तुमच्याकडे कोलामी किंवा बंजारा लेकरं असतील तर त्यांनाही आधी घरच्या भाषेत बोलू द्या, मराठी नंतर येते, घाई करू नका.

शंकेखोर (वाशीम)

मास्तर छान लिहिलं, खोट्या वाक्याची आयडिया मी उचलतोय. पण थोडं थंड पाणी टाकू द्या.

कृती कृती म्हणता म्हणता मी असे तास पाहिलेत की पोरं पाऊण तास कापताहेत, चिकटवताहेत, रंगवताहेत आणि सगळ्यात मिळून वाचलं किती तर चार शब्द. साहेब भेटीला आले की फोटो मस्त येतो. मी एकच हिशेब लावतो, या कृतीत एका पोरानं स्वतः किती वाक्यं वाचली आणि किती वेळा "का" ला उत्तर दिलं. दोन्ही कमी असेल तर तो कार्यानुभवाचा तास, वाचनाचा नाही. वाईट नाही तो, पण वाचनाच्या वेळेत नको.

दुसरं, कोणीतरी आता येऊन सांगेलच की काही पोरं बघून शिकतात, काही ऐकून, काही हातानं, म्हणून गट तसे पाडा. नका पाडू. 2008 मध्ये अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी (पॅश्लर वगैरे) या विषयावरचं सगळं संशोधन तपासलं, शिकण्याच्या अशा शैलीप्रमाणे शिकवल्यानं जास्त येते याला धड पुरावाच सापडला नाही. वेगवेगळं काम द्यायचं ते पोरगं आज कुठं आहे आणि त्याची पुढची पायरी कोणती ते पाहून. माती, बिया, काड्या सगळ्यांनाच द्या.

तिसरं जरा कडू आहे. सगळ्यांना एकच गोष्ट हे बरोबर, पण त्या भरात अक्षरवाल्यांचं अक्षर शिकवणं राहून जाऊ देऊ नका. गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये एक सोपं सूत्र मांडलं, समजून वाचणं म्हणजे लिहिलेलं उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच. मॅडमचा तो मोटरपंपवाला पोरगा दुसऱ्या बाजूनं भरलेला आहे, त्याची पहिली बाजू रिकामी आहे, तर त्याला रोज 20 मिनिटं सरळ सरळ शिकवा, मात्रा, वेलांटी, उकार, एका वेळी एकच, आणि लगेच त्याच मात्रेचे शब्द वाचायला द्या. तिथं खेळाचा मुलामा नसला तरी चालते. आपली लिपी एका अर्थानं सोपी आहे, दिसते तसंच बहुतेक बोलायचं असते, पण चिन्हं भरपूर आहेत, बाराखडीच धरा ना, आणि त्यावर जोडाक्षरं. त्याला वेळ लागतोच, आणि तो द्यावा लागतो.

गट मात्र कायमचे ठेवू नका. प्रथम या संस्थेचं जे स्तरानुसार शिकवणं आहे त्यात इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे गट करतात आणि मधून मधून तपासून पोरगं वरच्या गटात टाकतात. त्यांच्या मुंबई आणि वडोदऱ्यातल्या बालसखी कार्यक्रमाचा (मागं पडलेल्या पोरांना वेगळं बसवून शिकवायचा) अभ्यास अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनीच केलेला, ज्यांना 2019 चं नोबेल मिळालं. मागं पडलेल्या पोरांना त्याचा फायदा झाला हे त्यात दिसलं. आपण काय करतो, जूनमध्ये गट पाडतो आणि एप्रिलपर्यंत तेच! पोरांना पण माहीत असते आपण कोणत्या चटईवरचे.

दोनशिक्षकी_मॅडम

चटईवरचं वाक्य लागलं हो सर 😅 आमच्याकडे खरंच चटया आहेत.

पण एक सांगा, 20 मिनिटं मी अक्षरवाल्यांजवळ बसले तर बाकीच्यांना त्या वेळात काय देऊ की ते माझ्याकडे धावत येणार नाहीत? दर दोन मिनिटाला "मॅडम याने माझी पट्टी घेतली".

वर्धेकर_गुर्जी (निवृत्त)

बाईसाहेब, त्यांना एकमेकांना अडकवून ठेवणारं काम द्या, तुमच्याशी अडकणारं नको.

आमच्याकडं पोळा झाला की तान्हा पोळा, तर मी दरवर्षी मातीच्या बैलाचं काम घ्यायचो. सगळेच घेतात, पण मी बैल करायला लावत नव्हतो, बैल कसा करायचा हे लिहायला लावत होतो. एक गट सूचना लिहिणार, दुसरा गट दुसऱ्या कोपऱ्यात बसून फक्त कागद वाचून बैल करणार, तोंडानं विचारायचं नाही, लिहिणाऱ्यांनी सांगायचं नाही. पहिल्यांदा काय होते ते पाहा तुम्ही. "शिंगं लावा" लिहिलेलं असते, कुठं लावा ते लिहिलेलंच नसते, तर दुसऱ्या गटातले खोडकर पोट्टे मुद्दाम पाठीवर लावतात. "चार पाय करा", किती मोठे, तर एक पाय बोटाएवढा अन एक मुठीएवढा. मग बैल घेऊन दोन्ही गट समोरासमोर, अन कागदावर भांडण, "तू लिहिलंच नाही", "लिहिलंय, तू वाचलंच नाही". मी काहीच बोलत नव्हतो. मग तोच कागद दुरुस्त करायचा अन पुन्हा दुसऱ्या बैलाला लागायचं. वाचन, लेखन, विचार तिन्ही त्यात आले, अन मास्तर तेवढा वेळ मोकळा.

अक्षरवाल्या पोरांना यातून बाहेर ठेवू नका. तुमच्या 20 मिनिटानंतर त्यांना तपासणीस करा, बैल हातात घेऊन कागदावरचे शब्द ओळखायचे, शिंग, पाय, शेपूट, कान, अन सापडलेला भाग बैलावर दाखवायचा. शिंगमधला अनुस्वार, शेपूटमधली मात्रा तिथंच पक्की होते.

अन पोळा गेला म्हणून थांबू नका. चुलीवर ज्वारीची भाकर, कागदाची होडी, तुराटीचा भोवरा, काहीही चालते. एवढंच की वस्तू दोन-तीन टप्प्यात संपणारी नको, सहा-सात टप्पे पाहिजे, नाहीतर लिहायला काही उरतच नाही.

आता म्हाताऱ्याचं एक विषयांतर. आमच्या वर्ध्यातच 1937 ला गांधीजींची शिक्षण परिषद भरली होती, मग झाकीर हुसेन समिती अन नई तालीम, हातानं काम करता करता शिकायचं. मी लहानपणी टकळीवर सूत काढलेलं आहे. पण खरं सांगतो, टकळी हातात आली म्हणून डोकं चाललं असं नव्हतं. एक गुरुजी होते ते विचारायचे, सारखीच टकळी, सारखाच पेळू (कापसाची वळी), मग तुझं सूत का तुटते अन त्याचं का नाही, तिथं शिक्षण होत होतं. दुसरे नुसतं सूत मोजून घ्यायचे, तिथं नुसतं सूत होत होतं. वाशीमवाले सर म्हणतात ते मला यासाठीच पटते.

पालक_बोलून_रायलो

मी मास्तर नाई, वावरात राबतो, पोट्टी जिल्हा परिषदच्या शाळेत तिसरीत हाय. तुमी सारे शिकलेले लोक गोष्टी करून रायले तं मले बी एक विचारू द्या. पोट्टी घरी आली का मी विचारतो का शिकवलं आज, तं म्हणते मातीचे बैल केले, काल म्हणे बिया खेळलो. वही पाहाले घेतली तं कोरी! बाजूच्या घरचं पोट्टं कान्व्हेंटात जाते, त्याची वही भरून रायते, स्पेलिंगा पाठ हाय त्याच्या. बायको रोज म्हणते आपलीचं नाव काढा अन तिकडं टाका, आता फी अन ऑटोचे पैसे कुठून आणू ते येगळं. मले सांगा, हे खेळ वाचनासाठी हाय हे आमाले कसं समजावं? पालक सभेत खिचडी अन आधार कार्डाच्याच गोष्टी होते, हे कोणीच सांगत नाई. राग नोका मानू.

पहिलीवाली_ताई (गोंदिया)

भाऊ राग कशाला, बरोबर विचारलंत तुम्ही. आणि मॅडम लोकहो, हा प्रश्न प्रत्येक गावात आहे, आपण उत्तर देत नाही म्हणून पोरं गावाबाहेरच्या गाड्यांमध्ये बसतात.

मी काय करते ते सांगते. बियांचंच घ्या. पोरं घरून बिया आणतात, तूर, हरभरा, सोयाबीन, ज्वारी, सरकी, भेंडी, अंबाडी, चिंचोके, जे असेल ते. एक गट बियांचे ढीग लावतो पण कोणत्या नियमानं लावले ते सांगायचं नाही, दुसऱ्या गटानं ओळखायचं. पहिले सगळे रंगावरच लावतात, मोठे-लहान करतात. मग मी म्हणते रंग आणि आकार बंद. मग यायला लागतात खरे नियम, पावसाळ्यात पेरायचे आणि हिवाळ्यात पेरायचे, शेंगेतले आणि बिनशेंगेचे, खायचे आणि तेलाचे. सोयाबीनवर वाद होतो, खायचं की तेलाचं, आणि सरकीवर तर विचारूच नका, ढोरं खातात मग ते खायचं धरायचं का! हे भांडण मी सोडवत नाही. शेवटी दोन्ही ढिगात येणाऱ्या बियांसाठी मधे तिसरा ढीग करायचं कोणीतरी पोरगंच सुचवते.

मग अक्षरवाले ढिगावर नावाची चिठ्ठी लावतात, तूर, सरकी, सोपे शब्द. शब्दवाले नियम एका वाक्यात लिहितात. गोष्टवाले कोडं लिहितात, तीन ओळींचं, पहिल्या ओळीत ओळखू येऊ नये असं. दुसऱ्या दिवशी ती कोडी फळ्यावर आणि सगळी शाळा वाचत बसते, पहिलीतली पोरं पण मोठ्यांना ओढून आणतात वाचून दाखव म्हणून.

आता भाऊंचं. मी पोरांसोबत रोज नाही पण ज्या दिवशी कृती झाली त्या दिवशी हातभर नाही, बोटभर चिठ्ठी पाठवते. त्यावर पोरानं स्वतः लिहिलेली एक ओळ आणि खाली घरच्यांनी विचारायचा एक प्रश्न. जसं "सरकी कोणत्या ढिगात टाकली आणि का?" आई-बापांना वाचता येत नसलं तरी चालते, प्रश्न पोरगंच वाचून दाखवते, हेच तर पाहिजे. चिठ्ठ्या वहीत चिकटवायच्या, मग वही कोरी दिसत नाही. तुम्ही पण पोरीला विचारून पाहा, काय शिकवलं असं नका विचारू, बियांचे ढीग कसे केले ते विचारा, बघा किती बोलते.

पालक_बोलून_रायलो

इचारतो. आमच्या घरी सरकी म्हशीलेच देतो, तं तिचं का उत्तर येते ते पायतो.

दोनशिक्षकी_मॅडम

गुर्जी, ताई, सगळ्यांचे आभार, सोमवारी भाकरीच्या सूचनेपासून सुरू करते. अक्षरवाल्यांचे 20 मिनिटं खिचडीच्या आधी बसवते, तेव्हा पोरं जरा शांत असतात.

अजून एक डोक्यात होतं. आमच्या भागात फवारणी म्हटलं की सगळ्यांना 2017 आठवते, यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले ते. चौथीतल्या पोरांचे बाप फवारायला जातात आणि डब्यावरचं घरात कोणी वाचत नाही, अक्षर पण मुंगीएवढं. तर औषधाच्या डब्यावरचा मजकूर वाचायला घ्यावा का? तिसरी-चौथीला जड होईल का आणि डबा वर्गात आणावा का हे कळत नाही.

शंकेखोर (वाशीम)

घ्या, नक्की घ्या, पण डबा वर्गात आणू नका, रिकामा धुतलेला पण नाही आणि पोरांना आणायला तर मुळीच सांगू नका, तुम्ही सांगितलं की ते गोठ्यातून उचलून आणतील. मोबाईलवर फोटो काढा, लेबल मोठं करून दाखवा आणि तेच कार्डशीटवर हातानं काढा.

जड नाही होणार कारण सुरुवात चित्रापासून आहे. लेबलवर तिरपा उभा केलेला चौकोन असतो, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत. लाल सगळ्यात जास्त विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. अक्षरवाल्यांना चार रंगांची कार्डं आणि रंगांची नावं, लाल पिवळा निळा हिरवा, यात काना, वेलांटी दोन्ही येते. शब्दवाल्यांना छोटी वाक्यं, "हातमोजे घाला", "वाऱ्याच्या दिशेनं फवारा", "फवारताना खाऊ नका", आणि प्रत्येक वाक्याला करून दाखवायचं, नाटक. गोष्टवाल्यांनी अख्खं लेबल वाचून घरच्यांसाठी पाच मोठ्या अक्षरातल्या ओळी काढायच्या, काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्यातच विचार आला.

आणि सगळ्यांना मिळून एक प्रश्न टाका, चिंचोके टाकायला लावा पाहिजे तर. हिरवा त्रिकोण म्हणजे औषध सुरक्षित का? बहुतेक पोरं हो म्हणतील, सिग्नलचा हिरवा डोक्यात असतो. घरची मोठी माणसं पण हो म्हणतील, विचारून या म्हणावं. हिरवा म्हणजे कमी विषारी, विष नाही असं नाही, हे त्यांनाच लेबलवरून शोधू द्या, तुम्ही सांगू नका.

फोटो काढताना लेबल उन्हात चमकते, सावलीत धरून काढा. आणि कृषी केंद्रात कंपन्यांची जुनी पत्रकं पडलेली असतात, त्यावर अक्षर मोठं असते, मागितली की देतात.

धारणीचा_मास्तर

मॅडम त्या पाच ओळी लिहून झाल्या की इथं टाका. मी पोरांकडून कोरकूत करून घेतो, आमच्याकडेही फवारणीला जाणारे कमी नाहीत.